शेजारच्या नंबरचा बोल्ट

बारकीला घरात बारकी म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती म्हणे वडिलांच्या तळहातावर मावली होती. आता ती वडिलांपेक्षा चार बोटं उंच होती, पण नाव काही वाढलं नाही. आणि या बारकीच्या नावावर एक रायफल होती.

रायफल म्हटल्यावर लोक दचकतात, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. ही नेमबाजीची रायफल. एका वेळी एकच गोळी घेणारी, कागदावरच्या काळ्या वर्तुळांवर मारायची. तिने आजवर कागदाशिवाय कशालाही भोक पाडलेलं नव्हतं. वडिलांनी तिच्यावर उमेदीची वीस वर्षं घालवली. मग त्यांच्या डोळ्यांत, अगदी मधोमध, एक धुरकट ठिपका आला. जिथे बघायचं नेमकं तेच दिसेना. डोळ्यांच्या दाखल्याशिवाय परवान्याचं नूतनीकरण होत नाही, आणि विकायचं नाव काढलं की वडील ताटावरून उठत. बारकी दहाव्या वर्षापासून त्यांच्याबरोबर मैदानावर जायची, तिच्याकडे प्रशिक्षणाचा दाखला होता. "तुझ्या नावावर करून टाकू," वडील म्हणाले. "कागदावर तर करायचंय." ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. कागदावरची गोष्ट माणसाला किती घट्ट बांधते, हे तिला कुठून कळणार.

रायफल नावावर झाली त्या दिवसापासून तिच्याबरोबर नियमही आले. लोखंडी कपाट परवानाधारकाच्या खोलीतच हवं, आणि भिंतीत चार खिळ्यांनी ठोकलेलं हवं. किल्ली परवानाधारकाकडेच हवी. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती ती गेली, किंवा कुठे ठेवलीय एवढं जरी कुणाला कळलं, तरी गुन्हा. परवानाधारक सलग दहा रात्रींपेक्षा जास्त घराबाहेर राहणार असेल, तर रायफल सरकारमान्य शस्त्रदुकानदाराकडे रीतसर जमा करायची. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने खोलीभर नजर फिरवली आणि खिडकीतून कपाट दिसतं म्हणून खिडकीला पत्रा मारायला लावला. तेव्हापासून बारकीच्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा. किल्ली तिच्या कमरेच्या नाडीला असायची, अंघोळीलाही. मैत्रिणींची बारा दिवसांची सहल निघाली तेव्हा ती गेली नाही. दोन दिवसांसाठी अर्ज, पावत्या, हेलपाटे कोण करणार, असं ती म्हणाली. खरं कारण असं होतं, की रायफल दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची म्हटली की वडिलांचा चेहरा उतरायचा आणि तो चेहरा तिला बघवत नसे.

पत्र मंगळवारी आलं. कृत्रिम हातपाय बनवायला शिकवणारी एक संस्था होती, दिवसभराच्या प्रवासावर. दोन वर्षांचा अभ्यास, जागा फक्त चोवीस. बारकीचं नाव प्रतीक्षा यादीत तिसरं होतं. वरच्या दोघी कुठेतरी दुसरीकडे गेल्या आणि हिचा नंबर लागला. सोमवारी सकाळी दहापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. राहायला संस्थेचं वसतिगृह, आणि त्याच्या नियमावलीत तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की कोणतंही शस्त्र आवारात चालणार नाही.

आईने पत्र वाचलं आणि तोंड फिरवलं. "जा. मी आहेच इथे भिंतींशी बोलायला." आईचं असं असायचं. मनातलं सगळं तोंडावर, आणि तोंडाने बोलत असतानाच हात कामाला लागलेले. ती बोलत बोलतच माळ्यावरून बॅग काढायला स्टुलावर चढली.

वडील मात्र खूश झाले. निदान तसं दिसलं. त्यांनी पत्र दोनदा वाचून घेतलं, शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, संस्थेच्या गावाला थंडी किती असते याची चौकशी केली. "आणि रायफल?" बारकीने विचारलं, तर हात झटकून म्हणाले, "दुकानात ठेवू. त्यात काय एवढं." तिच्या मनावरचा धोंडाच उतरला. तिला वाटलं होतं, आता घरात दोन दिवस अबोला चालेल.

गुरुवारी सकाळी ती रायफल लांबट पेटीत घालून, नेण्याचा परवाना पर्समध्ये ठेवून बसने निघाली. शेजारच्या बाईने पेटीकडे कौतुकाने बघत विचारलं, "कुठलं वाद्य वाजवतेस गं?" बारकी म्हणाली, "अजून शिकतेच आहे." उरलेला रस्ता तिने खिडकीबाहेर बघत काढला.

दुकान एका गल्लीच्या टोकाला होतं. पुढे जाळीचं दार, मागे लोखंडाचं. दुकानदाराला सगळे भिंगवाला म्हणायचे, कारण त्याच्या कपाळावर कायम एक भिंग चढवलेलं असायचं. चहा पितानाही. त्याने रायफल टेबलावरच्या जाड कापडावर ठेवली आणि जमा करण्याचा फॉर्म ओढला. फॉर्मवर नंबर लिहायला तीन चौकोन होते. नळीचा, मधल्या पेटीचा आणि बोल्टचा. बोल्ट म्हणजे मागची सरकती दांडी, जी ओढून गोळी आत बसवायची. तिच्याशिवाय रायफल म्हणजे नुसती महागडी काठी.

"परवान्यावर तर एकच नंबर आहे," बारकी म्हणाली.

"परवाना कचेरीतले कारकून देतात. ते नळीचा नंबर वाचतात आणि जेवायला जातात. माझ्याकडे कुठला भाग अदलाबदल झाला, तर पोलीस माझी मान धरतात. मी तिन्ही बघतो."

नळीवर शेवटचे आकडे चारशे सतरा. मधल्या पेटीवरही चारशे सतरा. भिंगवाल्याने बोल्ट काढला, भिंग डोळ्यावर ओढलं, बोल्ट उजेडाकडे फिरवला, पुन्हा फिरवला. मग भिंग कपाळावर चढवून तिच्याकडे बघितलं. "चारशे अठरा."

"म्हणजे?"

"म्हणजे हा बोल्ट या रायफलीचा नाही. शेजारच्या नंबरचा आहे. दोन रायफली एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतल्या असतील. दुसरी कुणाकडे आहे?"

दुसरी कुणाकडे आहे हे बारकीला ठाऊक होतं. लहानपणी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरून दोन रायफली पुसल्या जायच्या. एक वडिलांची आणि एक काकांची. टेबलावर तेलाची एकच बाटली असायची आणि दोघे भाऊ एकमेकांच्या अंगावर चिंध्या फेकायचे. तिने मनाशी ताडलं, की अशाच कुठल्यातरी रविवारी गप्पांच्या नादात बोल्टांची अदलाबदल झाली असणार.

"दुसरी रायफल आणि तिचा मालक घेऊन ये," भिंगवाला म्हणाला. "इथेच बदलून देतो, दोघांच्या सह्या घेतो, पाच मिनिटांचं काम. नाहीतर ही मी ठेवून घेऊ शकत नाही. खरं म्हणजे दुसऱ्या रायफलीचा भाग तुझ्याजवळ सापडला, हे मला आत्ता लिहून कळवायला हवं." त्याने पेन उचललं, टोपण लावलं आणि खाली ठेवलं. "शनिवारी एक वाजता मी दुकान बंद करतो. तोपर्यंत मला लिहायला सवड नाही."

घरी आली तेव्हा वडिलांनी विचारलं, "झालं?"

"गर्दी होती. उद्या-परवा बोलावलंय," ती म्हणाली. काकांचं नाव त्या घरात नऊ वर्षांत कुणी काढलं नव्हतं, आणि जायच्या तोंडावर ते काढायची तिची छाती झाली नाही.

"होईल गं. घाई काय आहे," वडील म्हणाले आणि रेडिओचा कान पिळला.

भांडणाचं कारण सांगितलं तर लोकांना हसू येईल. घरातल्यांना कधी आलं नाही. काका वजनकाटे दुरुस्त करायचे. त्यांचा सगळा जन्म काटा मध्यावर आणण्यात गेलेला. नऊ वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्पर्धेत ते गुण मोजायला बसले होते, आणि वडिलांची शेवटची गोळी नववं वर्तुळ आणि दहावं वर्तुळ यांच्या बरोबर रेषेवर लागली. वडिलांच्या मते ती रेषेला शिवली होती, म्हणजे दहा. काकांनी भिंगाने बघितलं आणि नऊ लिहिले. वडिलांचं अजिंक्यपद एका गुणाने हुकलं. "सख्खा भाऊ," वडील एवढंच म्हणाले, आणि मग कधीच काही म्हणाले नाहीत.

शुक्रवारी सकाळी बारकी काकांच्या दुकानात गेली. भिंतीवर लहानमोठ्या वजनांच्या रांगा, टेबलावर उघडा पडलेला एक काटा, आणि त्याच्यात डोकं घालून बसलेले काका. नऊ वर्षांत त्यांचे केस पार पांढरे झाले होते. त्यांनी वर बघितलं. तिला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "एवढी कशी वाढलीस?" आणि स्वतःचं स्टूल पुसून तिच्यापुढे ठेवलं. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं. आपण इतकी वर्षं इथे का आलो नाही, याचं तिला स्वतःलाच पटेल असं उत्तर सापडेना.

तिने सगळं सांगितलं. काका ऐकत होते आणि हातातल्या चिमट्याने टेबलावर टकटक करत होते.

"चुकून नाही झालं ते," शेवटी ते म्हणाले. "आम्हीच बदलले होते. घेतल्या त्याच दिवशी, दुकानाच्या पायरीवर बसून. माझा बोल्ट त्याच्याकडे, त्याचा माझ्याकडे. म्हणजे उद्या एकाने विकायला काढली, तर दुसऱ्याच्या दारात यावंच लागेल. येड्यासारखं होतं सगळं. पण तेव्हा फार भारी वाटलं आम्हाला."

"मग आता बदलून टाकू या ना, काका. उद्या एकपर्यंत वेळ आहे. बाबांना यायचीही गरज नाही, परवाना माझ्या नावावर आहे."

काका उठले. मागच्या कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यांनी त्यातला कागद तिच्यासमोर धरला. पोलिसांचा शिक्का होता. सहा वर्षांपूर्वीची तारीख. वर्णन, चारशे अठरा. खाली लिहिलं होतं: स्वेच्छेने स्वाधीन, नष्ट केली.

"नात रांगायला लागली होती. मला रात्रंदिवस त्या कपाटाचंच सुचायचं. देऊन टाकली. माझ्यासमोर चार तुकडे केले."

"बोल्टसकट?"

"बोल्टसकट. तिथे बोल्टचा नंबर कोण बघतोय. कापायचीच तर होती."

म्हणजे चारशे सतराचा बोल्ट या जगात नव्हताच. बारकी कागदाकडे बघत राहिली. तिच्या रायफलीला स्वतःचा बोल्ट कधीही मिळणार नव्हता, आणि तो मिळाल्याशिवाय ती कुठलंही दुकान ठेवून घेणार नव्हतं.

"बाबांना माहीत आहे हे?"

काकांनी कागद घडी करून पिशवीत घातला. घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा काढून घातला. "ते तू त्यालाच विचार," ते म्हणाले.

ती समजली, की हे जुन्या रागाचं बोलणं आहे. भावाबद्दल त्यांना बोलायचंच नाही. आणि वडिलांना माहीत नसणार हे तर उघडच होतं. नऊ वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही, मग कळणार कुठून? उलट तिला वडिलांची कणवच आली. आपला बोल्ट भावाकडे सुखरूप आहे, या समजुतीवर हा माणूस जगतोय, असं तिला वाटलं.

तिथून ती परवाना कचेरीत गेली. खिडकीमागच्या कारकुनाने तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. असं शांतपणे ऐकणारा कारकून दिसला की समजावं, काम होणार नाही. नंबरदुरुस्तीचा अर्ज करता येईल, तो म्हणाला. तज्ज्ञांची तपासणी, मग वरचा शेरा, मग नवीन नोंद. चार ते सहा महिने.

"आणि तोपर्यंत रायफल?"

"नोंदलेल्या पत्त्यावर. कपाटात."

"आणि मी?"

"तुम्हीही नोंदलेल्या पत्त्यावर," कारकून म्हणाला. त्याला यात विनोद काहीच दिसला नाही.

कचेरीच्या जिन्यात उभं राहून तिने संस्थेला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजाची होती. एक दिवसही थांबता येणार नाही, म्हणाली, यादीतल्या पुढच्या मुलीचे रोज दोन फोन येतात. बारकीने फोन ठेवला आणि ती तिथेच पायरीवर टेकली. लोक बाजूने वर-खाली जात होते. घर सोडता येत नव्हतं, कारण रायफल घरात होती. रायफल घरातून हलवता येत नव्हती, कारण तिच्यात दुसरीचा बोल्ट होता. आणि तो बोल्ट बदलता येत नव्हता, कारण दोन दांडगे पुरुष बावीस वर्षांपूर्वी एका पायरीवर बसून भावुक झाले होते. तिला इतका संताप आला की जिन्याच्या कठड्यावर तिने लाथ मारली. कठड्याला काही झालं नाही. तिचा अंगठा मात्र दुखावला.

घरी आईने कपड्यांच्या घड्या करून बॅग अर्धी भरली होती. वडील दाढी करून बसले होते. तिचा चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "नाहीच जमलं यंदा, तर पुढच्या वर्षी. संस्था काय पळून जातेय?" आवाजात इतका मायेचा ओलावा होता की तिला त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवावंसं वाटलं. ती आपल्या खोलीत गेली आणि दिवा लावून कपाटासमोर पलंगावर बसली.

काकांच्या कागदावरचे ते दोन शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. स्वेच्छेने स्वाधीन. सही फक्त परवानाधारकाची लागते. वडिलांची नाही, काकांची नाही, भिंगवाल्याची नाही. ती किती वेळ बसली होती कुणास ठाऊक, आई जेवायला बोलवायला आली तेव्हा भानावर आली. तिला ही रायफल आवडायची, हेही खोटं नाही. हिच्याच मागे पालथं पडून तिने वडिलांच्या शेजारी कितीतरी सकाळी काढल्या होत्या. तिथे वडील हळू आवाजात सांगायचे, हात थरथरला तर चाप ओढायचा नाही, थांबून पुन्हा नेम धरायचा; एरवी ते इतक्या हळू कधीच बोलायचे नाहीत.

शनिवारी सकाळी ती पेटी घेऊन निघाली. वडिलांनी हात उंचावून निरोप दिला.

पोलीस चौकीत एक पोक्त हवालदारीणबाई होत्या. त्यांनी पेटी उघडायला लावली, नळीचा नंबर परवान्याशी ताडून बघितला आणि बोल्टकडे ढुंकूनही न बघता फॉर्म पुढे केला. "दुकानात का नाही ठेवत? चांगली जपलेली दिसतेय."

"दुकानात घेत नाहीत."

"घरात कुणाचा विरोध?"

"परवाना माझा आहे," बारकी म्हणाली.

बाईंनी मान डोलावली. मग नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं, की एकदा सही केली की ही परत मिळणार नाही, भरपाई मिळणार नाही, बुधवारी कापली जाईल. बारकीने पेन घेतलं. तिच्या नावाचं पहिलं अक्षर असं वाकडं गेलं की बाईंनी तो फॉर्म बाजूला सारला. "ही परवान्यावरच्या सहीशी जुळत नाही. पाणी पी. मग दुसरा भर." बारकी पाणी प्यायली. दुसरा फॉर्म भरला. तीन ठिकाणी सह्या, एक अंगठा.

परतताना बसमध्ये हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. आपण मोकळ्या झालो, हे तिने स्वतःला तीनचार वेळा सांगून बघितलं. वडिलांना काय सांगायचं, हे तिने वाटेत ठरवलं. खरं सांगायचं नाही. दुकानात ठेवली म्हणायचं. दोन वर्षांनी बघता येईल. त्यांचे डोळे तसेही पावती वाचण्याइतके राहिलेले नाहीत, आणि त्यांचं सगळं तारुण्य चार तुकडे होऊन पडणार आहे, हे त्यांनी कशाला ऐकायचं?

वडील पुढच्या खोलीत बसले होते. आई आत बॅगेशी झटत होती.

"झालं?" वडिलांनी विचारलं.

"झालं. जमा केली."

"कुठे?"

"दुकानात. आणखी कुठे? पावती आहे पर्समध्ये."

वडिलांनी मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं. समोर बघितलं तर ठिपका आड यायचा, म्हणून ते माणसाकडे असं कडेने बघायचे.

"त्याने घेतली?"

"हो."

"कशी घेईल?" वडील म्हणाले. "तो तिन्ही नंबर बघतो, बारके. बघितल्याशिवाय राहतच नाही तो."

बारकी चपला काढत होती. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती उभी राहिली. तीन नंबरांची गोष्ट तिने या घरात कुणालाही सांगितली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

वडील खुर्चीत सावरून बसले.

"बोल्ट बदललेला आहे, हे तर माहीत असणारच. पण तो आता कुठेच नाही, हेही माहीत होतं."

"त्याने पत्र पाठवलं होतं तेव्हा," वडील सावकाश म्हणाले. "मी रायफल देऊन टाकतोय, चार दिवस थांबतो, येऊन तुझा बोल्ट घेऊन जा म्हणून. मी गेलो नाही."

"मग माझ्या नावावर कशाला केलीत?"

"तेव्हा असं काही मनात नव्हतं. निदान मला तरी तसं वाटतं." त्यांनी गुडघ्यावरचा अदृश्य धागा उचलला. "पत्र आलं ना तुझं मंगळवारी, तेव्हा लक्षात आलं. की मी काही न करता, काही न बोलता, तू राहशील. तुझ्या आईने टोमण्यात का होईना, म्हटलं जाऊ नकोस म्हणून. मला ते म्हणता आलं नाही. माझी हिंमत नाही झाली."

"मला वाटलं तुम्हाला आनंद झालाय."

"झाला होता. दोन्ही होतं."

बारकीने हातातली चप्पल खाली ठेवली. बसमधून उतरेपर्यंत ती या माणसाला जपत आली होती. याला लागू नये म्हणून खोटं बोलायची तयारी करत होती, आणि हा चार दिवस तिच्या धावपळीकडे बघत शांत बसला होता. होईल गं, घाई काय आहे. तिला त्यांचा राग आला, इतका की कानशिलं तापली. आणि त्याच वेळी, कडेने बघत बसलेला तो माणूस तिला इतका एकटा दिसला की तिला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं. ती गेली नाही.

"दुकानात नाही ठेवली," ती म्हणाली. "चौकीत दिली. काकांसारखी. बुधवारी कापतील."

वडिलांच्या चेहऱ्यावर आधी काहीच दिसलं नाही. मग हळूहळू तो ओळखू येईनासा झाला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर नीट ठेवले, आणि ते असे बसले जसे मैदानावर पाळीची वाट बघत बसायचे. आतून आईचा आवाज आला, काय झालं म्हणून.

"सही करताना हात थरथरला का?" बऱ्याच वेळाने वडिलांनी विचारलं.

"थरथरला. पहिला फॉर्म वाया गेला."

"आणि दुसऱ्यावर?"

"दुसऱ्यावर नाही."

वडिलांनी मान हलवली. एकदा, दोनदा. "मग बरोबर आहे," ते म्हणाले.

आई दोन चादरी घेऊन दारात आली आणि कुठली घालू म्हणून विचारू लागली. जाड घाल, बारकी म्हणाली, तिथे थंडी असते.